घरचा कोपरा

भिंतींना कान असतात असं म्हणतात. पेंटरच्या भिंतींना तोंडं होती. साबण घ्या म्हणायच्या, टॉर्च घ्या म्हणायच्या, आमचेच बूट घातलेत तर पाय दुखणार नाहीत अशी बेधडक थाप मारायच्या. चाळीसेक वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या घरांवर तिसऱ्यांच्या मालाची तारीफ लिहिली, आणि स्वतःच्या तोंडाने मात्र एका वेळी चारपेक्षा जास्त वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. त्याला खरं नावही होतं, नाही असं नाही, पण ते बँकेच्या पासबुकात आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यात. बाकी दुनियेला तो पेंटर. बायकोसुद्धा त्याला पेंटरच म्हणायची, आणि रागावली की "अहो पेंटर".

मग छापील फलक आले. दोन माणसं शिडी लावणार, ते चकचकीत प्लास्टिक ताणून चौकटीवर ठोकणार, आणि दुपारच्या जेवणाआधी भिंत बोलायला लागणार. पेंटरने कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, जुन्या चादरीच्या फडक्यात गुंडाळले आणि पोटमाळ्यावर टाकून दिले. "बरं झालं," बायको म्हणाली, "आता तरी शिडीवरून खाली याल." हा बिचारा खाली आला, आणि थोड्याच वर्षांत तीच गेली.

ती गेल्यावर पेंटरला एक खूळ लागलं. सकाळचा चहा झाला की निघायचा आणि आपण रंगवलेल्या जुन्या भिंती शोधत हिंडायचा. बऱ्याच पडल्या होत्या, काहींवर चुना फिरला होता, काहींवर फलक चढले होते. जिथे एखादं अक्षर शिल्लक दिसे तिथे हा समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहायचा आणि बघत बसायचा. एकदा एका घरमालकाने, कुठून आत शिरता येईल याची पाहणी चाललीय असं समजून, त्याची चांगलीच झाडाझडती घेतली. ते प्रकरण शेजारणीकडून सुनेच्या कानावर आलं.

घरात सून आणि तो, दोघंच. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. सून एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांची नावं, वयं आणि दुखणी टिपून घ्यायची, त्यामुळे न सांगितलेलं दुखणं ओळखायची तिला सवय झालेली.

"बाबा, नुसते बघून काय येता?" ती म्हणाली. "फोटो काढून आणत जा. मी तुम्हाला एक ब्लॉग करून देते. त्यावर लावू, आणि खाली तुम्ही दोन ओळी लिहा. कुठली भिंत, कधीची, काय काय झालं तिथे."

"ब्लॉग म्हणजे काय?"

"म्हणजे तुमची भिंत. फक्त शिडी लागत नाही."

पेंटरला तेवढं समजावणं पुरलं. तिने लगेच कॉम्प्युटर उघडून पान मांडायला घेतलं, मथळा कुठे, फोटो कुठे, लिहिणं कुठे. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा.

"आणि घरचा कोपरा?"

हे घरच्या कोपऱ्याचं प्रकरण इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळं घोडं इथेच पेंड खाणार आहे.

भिंती रंगवणाऱ्यांत एक जुनी रीत होती. कंपनी घरमालकाला भिंतीचं भाडं म्हणून जे द्यायची ते चहापाण्याइतकं. त्याची भरपाई पेंटर करायचा. भिंतीच्या उजव्या हाताला, खाली, हातभर रुंद आणि वीतभर उंच एवढी जागा घरची. घरचे सांगतील ते तिथे फुकट लिहून द्यायचं. कंपनीच्या साहेबाला हे ठाऊक असायचं, आणि तो त्याकडे काणाडोळा करायचा. कुणी घराचं नाव लिहून घेई, कुणी 'दारासमोर गाडी लावू नये'. एका आजींनी 'बेल बिघडली आहे, हाक मारा' असं लिहून घेतलं, आणि बेल दुरुस्त झाल्यावरही लोक वर्षानुवर्षं हाकाच मारत राहिले. एका गृहस्थांनी 'शेजाऱ्यांनी इथे पाणी ओतू नये' असं लिहून घेतलं. पुढे शेजाऱ्यांची भिंत रंगवायला आली तेव्हा त्यांनी आपल्या कोपऱ्यात त्याचं उत्तर लिहून घेतलं. पेंटरने दोन्ही तितक्याच सुबक अक्षरात लिहिली.

तर पेंटर तरुण असताना त्याच्याकडे शिवणाच्या दोऱ्याची एक जाहिरात आली. भलंमोठं रीळ, आणि शेजारी 'ओढा, ताणा, तुटणार नाही'. भिंत एका दुमजली घराची. रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान होतं, आणि या घरची मुलगी त्या दुकानात कामाला होती. दिवसभर भिंगं उजेडाकडे धरून त्यांत कुठे चरा आहे का ते बघायचं, हे तिचं काम. संध्याकाळी ती दुकानाबाहेर आली, फुटपाथवर उभी राहून भिंतीकडे बघत राहिली, आणि वर शिडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"शेवटचं अक्षर दमलंय."

शिडीवर उभ्या माणसाला अक्षर दिसत नाही, नुसता रंग दिसतो. पुरुषभर उंचीचं अक्षर नाकाला लागून असलं तर ते सरळ आहे की वाकडं हे कळणार कसं? म्हणून या धंद्यात समोरच्या फुटपाथवरून बघणारं एक माणूस लागतं. पेंटरकडे ते नव्हतं. तो स्वतःच उतरायचा, रस्ता ओलांडायचा, बघायचा आणि पुन्हा चढायचा. त्या दिवशी तो रागारागाने उतरला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि बघितलं. अक्षर खरंच दमलं होतं. बसायला जागा शोधत असल्यासारखं एका अंगाला कललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते धरून उभं केलं. शेवटी राहिला कोपरा. तिच्या वडिलांना विचारलं, काय लिहू? वडील म्हणाले, "आमच्या घरात नजर तिची चांगली. तिलाच विचारा."

तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "सांगते."

जागा हातची जाऊ नये म्हणून पेंटरने बोटभर जाडीची एक निळी चौकट काढून ठेवली. आत पांढरा रंग दिला आणि कोरंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर "सांगते". मग काम भलत्याच गल्लीत लागलं, तरी हा वाट वाकडी करून विचारायला जायचा. "सांगते म्हटलं ना." असं करता करता त्यांचं लग्न झालं. एका उत्तरासाठी एवढा खटाटोप कुणी केला नसेल, असं पेंटर लोकांना सांगायचा, आणि ती शेजारी बसून मान डोलवायची. लग्नानंतर तो जिथे शिडी लावेल तिथे समोर ती उभी. पोटात मूल असताना उभी, मूल कडेवर असताना उभी. "तिसरं अक्षर पुढे पळतंय." "हा शब्द उपाशी दिसतो, त्याला जरा भरा." असलं काहीबाही सांगायची, आणि ते बरोबर असायचं. तिच्या माहेरच्या भिंतीवरचा कोपरा तेवढा कोरा राहिला. जेवताना, प्रवासात, भांडण मिटवायचं असलं की मुद्दाम, पेंटर विचारायचा, "काय लिहायचं मग कोपऱ्यात?" आणि ती म्हणायची, "सांगते. घाई काय आहे?"

शेवटच्या आजारात, दवाखान्यातल्या खाटेशी बसून, त्याने एकदा विचारलं. तिने डोळे मिटलेलेच ठेवले, किंचित हसली आणि बोटं हलवली. सांगते. त्यानंतर त्याने विचारलं नाही. पुन्हा विचारणं म्हणजे घाई करणं झालं असतं, आणि घाई कशाची ते दोघांनाही ठाऊक होतं.

सुनेला हे सगळं माहीत होतं. तिने काही न विचारता पानावर उजव्या हाताला एक निळी चौकट काढली आणि आतली जागा कोरी सोडली. एक जागा रिकामी ठेवून घरात वावरायचं कसं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवरा जहाजावर असला की जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची ती कुणाला बसायला देत नसे. ब्लॉगला पेंटरने नाव दिलं, 'समोरच्या फुटपाथवरून'.

ब्लॉग चालला. का चालला हे विचारू नका, माणसांना काय आवडेल याचा नेम नाही. एका बोटाने टिपटिप करत पेंटर जे लिहायचा ते तोंडाने कधी बोलला नसता. पाण्याच्या टाकीवर अर्धा शब्द लिहून झाल्यावर कंपनीच बुडाली आणि तो अर्धा शब्द पुढे बारा महिने लोकांना कोड्यात पाडत राहिला, असले किस्से. लोक वाचायचे, आपापल्या गल्लीतल्या भिंतींचे फोटो पाठवायचे. मग पत्रं येऊ लागली, की पानावर आमच्या जाहिराती लावा, पैसे देऊ. पेंटरने सुनेकरवी सगळ्यांना एकच उत्तर कळवलं, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या. ही एक माझी आहे." हे उत्तर तिने पानावरही टाकलं, आणि लोकांनी धन्य धन्य केलं. तत्त्वाचा माणूस म्हणाले. पेंटरलाही ते खरं वाटू लागलं. स्तुती कुणाला कडू लागते?

अशात एका रविवारी मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्या दुमजली घराचा आताचा मालक. घराच्याच तळमजल्यावर त्याचं नळांच्या सामानाचं दुकान होतं. माणूस सरळ, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनी खोड. तब्येत विचारली, जहाज कुठवर आलं विचारलं, स्वयंपाकघरातला नळ उगाच उघडून-मिटून बघितला. मग खुर्चीच्या कडेवर टेकला.

"भावोजी, छत गळतंय."

"मग दुरुस्त कर."

"त्यालाच पैसे लागतात ना. एक कंपनी आलीय. भिंत मागतेय, फलक लावायला. दर महिन्याला भाडं देणार."

मेव्हण्याने पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडली.

"ताईची भिंत आहे, मला काय कळत नाही? मला तरी कुठे हौस आहे? पण वरच्या खोलीत बादल्या मांडून झोपतो आम्ही. त्यांच्याएवढं नको, निम्मं जरी महिन्याला कुठून आलं, तरी मी त्यांना नाही म्हणून सांगतो. बघा तुम्ही."

"बघतो," पेंटर म्हणाला.

बघतो म्हणायला काय लागतं? बघायला घरात होतं काय? मुलाचा पगार घराच्या हप्त्यात जायचा, सुनेचा घरात. मेव्हणा गेल्यावर पेंटर गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ तिथून हलला नाही. भिंत गेली तर कोपरा जाणार. कोपरा गेला तर मग ती सांगणार कुठे? हे वेडेपणाचं आहे हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग होतो?

सुनेनेच शेवटी विषय काढला.

"बाबा, रागावू नका. तुमच्या पानावर इतकी माणसं येतात. जाहिराती घेतल्या तर निम्मं भाडं सहज निघेल."

"आणि मी जे लिहिलं होतं ते? ही एक भिंत माझी म्हणून?"

"लोक काय, दोन दिवस बोलतील."

पेंटरने दोन दिवस विचार केला. एक भिंत वाचवायला दुसरी विकायची, असा तो सौदा होता. ब्लॉग कालपरवाचा, ती भिंत तिच्या माहेरची. तिसऱ्या दिवशी सून कामावर निघाली तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "लाव."

तिने त्या संध्याकाळी खटाखट बटणं दाबली. जाहिराती लावणारं यंत्र फार हुशार असतं, तिने सांगितलं. पान वाचतं, कुठे मोकळी जागा आहे ते हेरतं आणि आपलं आपण बसतं. आपल्याला काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना पेंटरने फोनवर पान उघडलं. वर विम्याची जाहिरात बसली होती. दोऱ्याच्या रिळाच्या फोटोखाली बूट. त्याला वाटलं होतं तसं काही वाईट वाटलं नाही. उलट धंद्याची नजर जागी झाली. "'मोफत'ला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि हा पिवळा या निळ्यावर कोण देतो?" मग त्याची नजर उजवीकडे गेली.

निळ्या चौकटीत एक लाल सोफा बसला होता. खाली लिहिलं होतं, 'आजच घरी न्या'.

यंत्राचं काय चुकलं? मोकळी जागा दिसली, बसलं. पण हे मनात यायच्या आधीच पेंटरचा हात हलला. रंगाचा थेंब रेषेबाहेर सांडला की सुकायच्या आत अंगठ्याने पुसायचा, ही चाळीस वर्षांची सवय. त्याने सोफ्यावर अंगठा घासला. सोफा पुसला जाण्याऐवजी सोफ्याचं अख्खं दुकान उघडलं. तो घाबरून मागे आला. सोफा तिथेच. पुन्हा घासला. पुन्हा दुकान. मग रोज पान उघडलं की हेच चाललं. सोफा जाऊन गादी आली, गादी जाऊन पंखा आला, आणि पेंटर प्रत्येकाला अंगठ्याने पुसत राहिला. सुनेला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिने एवढं मनावर घेऊन केलंय, तिला काय वाटेल, म्हणून गप्प.

पहिला महिना संपायच्या आत जाहिरातवाल्या कंपनीचं पत्र आलं. सुनेने ते जेवणाच्या टेबलाशी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सासऱ्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही जाहिरातींवर बोट लावत होता?"

"बोट नाही. अंगठा."

"पण कशाला?"

"पुसत होतो."

तिला हसू फुटलं, पण त्याचा चेहरा बघून ते अर्ध्यावरच थांबलं. मग तिने समजावून सांगितलं. आपल्या पानावरच्या जाहिराती आपणच उघडायच्या नसतात. कंपनीला वाटतं, पैशासाठी घरातलीच माणसं बोटं लावतायत. म्हणून त्यांनी जाहिराती बंद केल्या आणि जमलेले पैसेही अडकवले. तत्त्वाचा माणूस म्हणून ज्याचं नाव झालं होतं, तो आता कंपनीच्या दप्तरी लबाड ठरला होता.

"कळवता येतं त्यांना," ती म्हणाली. "सवयीने झालं, पुन्हा होणार नाही, असं लिहिलं तर परत सुरू करतात. तो कोपरा सोडायलाही सांगता येईल. पण बाबा, कमाई सगळी तिथलीच होती. पान उघडलं की नजर आधी तिथेच जाते. तो सोडला तर उरलेल्यांतून भाडं निघायचं नाही."

"म्हणजे इथला कोपरा ठेवायचा तर तिथली भिंत जाते."

"हो."

"आणि तिथली ठेवायची तर इथे सोफा."

तिने मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं करू. घाई नाही," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी पेंटर त्या भिंतीकडे गेला. चष्म्याचं दुकान कधीच गेलं होतं, तिथे आता चाव्या बनवणारा बसायचा. त्याच्या यंत्राच्या किरकिरीत पेंटर फुटपाथवर आपल्या जुन्या जागी उभा राहिला. रिळाचा रंग उडून नुसता डाग राहिला होता. 'ओढा' गेलं होतं, 'ताणा'चा अर्धा भाग पोपडे होऊन पडला होता. 'तुटणार नाही' वाचता येत होतं, आणि ते शेवटचं अक्षर अजून ताठ उभं होतं.

पण हे सगळं त्याने नंतर बघितलं. आधी नजर गेली ती खाली उजव्या कोपऱ्याकडे. चौकटीचा निळा फिका झाला होता, आतला पांढरा मातकट. तो बघत राहिला, आणि त्याला ती एकदम हवीशी झाली. भिंत नको, ब्लॉग नको, लोकांचं धन्य धन्य नको. शेजारी ती उभी हवी होती, पदराने चष्मा पुसत, एक डोळा बारीक करून, "आहे, बरं आहे" म्हणायला.

"काय लिहायचं मग?" त्याने विचारलं. मोठ्याने विचारलं असावं, कारण चावीवाल्याने मान वर करून बघितलं.

अक्षरांसाठी आपला जीव एवढासुद्धा तुटत नाहीये, हे पेंटरला तिथे उभ्या उभ्या कळलं. आयुष्यातली सगळ्यात चांगली अक्षरं होती ती, आणि कुणी ती आत्ता पुसली असती तरी त्याने हूं का चूं केलं नसतं. इतके दिवस भिंत भिंत करत होता, पण हवी होती ती हातभर जागा. आणि ती तर रीतीने घरचीच होती. कंपनी जुनी असो की नवी, रंग असो की फलक, कोपरा घरचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पेंटरने रस्ता ओलांडला आणि तो मेव्हण्याच्या दुकानात शिरला.

"कंपनीला भिंत दे."

मेव्हणा नळाचे आटे मोजत होता, त्याचा हात थांबला. "खरंच देऊ?"

"दे. पण घरचा कोपरा सोडून."

"भावोजी, आता कुठली आलीय रीत? ती माणसं फीत लावून इंचाइंचाचं माप घेतात."

"घर कुणाचं? तुझं ना? मग माग. मागायला लाजलास तर वर बादल्याच मांडत बसशील."

मेव्हण्याने हातातला नळ खाली ठेवला. "आणि तुमची अक्षरं? सगळी झाकली जातील."

"म्हातारी झाली ती. निजू देत."

मेव्हण्याने भीड सोडून मागितलं, हे त्याच्या आयुष्यातलं नवल. मापं घ्यायला आलेल्या साहेबाने कोपऱ्याजवळ वाकून बघितलं आणि म्हणाला, इथे तर काहीच लिहिलेलं नाही, कशासाठी अडवून धरलंय? "घरचा आहे," मेव्हणा म्हणाला, "नाहीतर भिंत मिळायची नाही." साहेबाला वाटलं यात भाड्याचा काही डाव आहे. तसा डाव नाही हे कळल्यावर त्याने फलक खालून आखूड करायला लगेच होकार दिला.

फलक लावला त्या दिवशी पेंटर सकाळपासून समोर हजर. शिडीवरच्या दोघांना सांगत होता, उजवी बाजू खाली घ्या, अजून बोटभर, बस. त्यांना आधी राग आला. मग त्यातला एक उतरून रस्ता ओलांडून आला, पेंटरच्या शेजारी उभा राहून त्याने बघितलं आणि तो पुन्हा वर चढला. फलक अगदी सरळ बसला. कसलंसं थंड पेय होतं, निळ्या आभाळात उडणारी बाटली. दोऱ्याचं रीळ, 'तुटणार नाही', ते ताठ उभं केलेलं अक्षर, सगळं त्याखाली गेलं. उजव्या हाताला खाली तेवढी फिकी निळी चौकट राहिली. येणारे-जाणारे थबकून बघायचे, की एवढी जागा का सोडली असेल बुवा.

घरी आल्यावर पेंटर सुनेला म्हणाला, "त्या कंपनीला अर्ज लिही. सवयीने झालं म्हणावं. जाहिराती परत लाव. कोपरा सोडून."

"आता कशाला बाबा? भाड्याचं तर मिटलं."

"येतील ते चार पैसे येतील. जाहिरातींशी माझं काय वैर? त्यांनीच पोसलं आपल्याला."

"आणि तत्त्व?"

"तत्त्व कसलं? माझं भांडण सोफ्याशी होतं."

जाहिराती परत आल्या. वर विमा, खाली बूट, मधे एक घड्याळ. जुन्या वाचकांपैकी काही फुरंगटले, तुम्हीसुद्धा विकले गेलात म्हणाले, आणि पुढच्या भिंतीचा फोटो लागल्यावर मुकाट्याने परत आले. पेंटरने फलकाचा फोटोही लावला. खाली एवढंच लिहिलं, 'काम सरळ झालं आहे.'

आणि मग एका नव्या वाचकाचा निरोप आला. माणूस मदत करायच्या हेतूनेच लिहीत होता. पान फार आवडलं, म्हणाला. बाकी सगळ्या जाहिराती नीट दिसतात, पण उजवीकडची निळी चौकट कितीही वेळ थांबलं तरी रिकामीच राहते. काहीतरी अडकलंय किंवा बिघडलंय. एकदा कुणाकडून तरी बघून घ्या.

"मी देऊ का उत्तर?" सुनेने विचारलं.

पेंटरने नको म्हणून हात केला, चष्मा चढवला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहिलं,

'बिघडलेलं नाही. सांगते म्हणाली आहे.'